यादीत नसलेलं नाव

गावातल्या पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांची यादी करायला मला एक दुपार पुरली. घरं मला तोंडपाठ आहेत. कोणत्या घरात कोणाला शुगर आहे, कोणाची सून गरोदर आहे, कोण गोळ्या घेतो म्हणून सांगतो आणि उशीखाली ठेवतो, हे मी न बघता सांगू शकते. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी आशाचं काम करते, म्हणजे आरोग्य खात्याचं कोणतंही काम घरोघरी पोचवायचं ते मी. यादी झाली, खाली सही केली आणि उपकेंद्रात सिस्टरला नेऊन दिली.

सिस्टरनं बोट फिरवत नावं वाचली. मग चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, तुमची पोरगी किती वर्षांची झाली?"

"सोळा पुरे झाले."

"मंग तिचं नाव कुठी आहे?"

"राहून गेलं असंल जी," मी म्हटलं.

राहून गेलं नव्हतं. आमच्या घराशी आल्यावर माझा पेन थांबला होता, आणि मी सरळ शेजारच्या घरातला पोरगा लिहून टाकला होता. सिस्टरनं यादी पुढ्यात ओढली. तिनं स्वतःच्या अक्षरात तळाला माझ्या लेकीचं नाव लिहिलं आणि त्यापुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं. त्या प्रश्नचिन्हाचा मला इतका राग आला की मी चहाही न घेता निघाले.

राग यायचं कारण असं, की त्याआधीचं अख्खं वर्ष मी कोविडच्या याच लशीसाठी गावाच्या मागे लागले होते. पहिल्यांदा लस आली तेव्हा लोकांनी मला बघून दारं लावली होती. एक म्हातारा बुडगा मला पाहिलं की खोकायचं सोडून गाणं म्हणायला लागायचा, आपण किती ठणठणीत आहोत हे दाखवायला. एका घरी सासू-सून दोघी एकाच बाजेवर चादर ओढून पडल्या आणि पोरानं सांगितलं, दोघीही गावाला गेल्या. चादरीतून चार पाय बाहेर आलेले मला दिसत होते. मी त्या पायांनाच तारीख सांगून आले.

सगळ्यात चिवट होती आमच्या गल्लीच्या टोकाची एक म्हातारी. एकटीच राहायची. उन्हाळ्याचे दिवस, मोहाची फुलं गळायला लागली होती, आणि ती उजाडायच्या आत जंगलाच्या कडेला जाऊन बसायची, दुपारपर्यंत सापडायचीच नाही. तीन दिवस मी तिच्या बंद दाराशी जाऊन परत आले. चौथ्या दिवशी मीही पहाटेच गेले आणि तिच्या शेजारी बसून मोह वेचायला लागले. ती काही बोलली नाही, मीही नाही. दोन टोपल्या भरल्यावर तिनं विचारलं, "कायले आली?" तेव्हा मी माझं ठरलेलं भाषण म्हटलं. "एक दिवस अंग दुखंल, दुसऱ्या दिवशी कामाले लागसाल. मी घेतली, माह्या मालकानं घेतली. आमाले काही झालं का?" त्या दिवशी ती माझ्याबरोबर आली आणि टोचून घेतलं.

भाषणातलं एक वाक्य खोटं होतं. माझ्या मालकानं लस घेतलेली नव्हती. सुई म्हटली की त्यांना घाम फुटतो. गावात शिबिर लागणार हे कळताच ते बहिणीकडे सडक अर्जुनीला पळाले होते, तिच्या घराचं छप्पर नीट करायला म्हणून. आठ दिवस छप्परच नीट करत होते. शेवटी मी नणंदेला फोन केला. तिनं भावाला वांग्याची भाजी आणि भात पोटभर वाढला आणि हायवेवरच्या धाब्यावर चहा पाजते म्हणून नेलं, ते थेट तिथल्या शिबिराच्या रांगेत. ट्रकवाले मागून हॉर्न देत होते आणि हे बहिणीचा हात धरून रांगेत उभे होते, असं नणंद अजून सगळ्यांना सांगते. तर माझं वाक्य पंधरा दिवसांनी का होईना, खरं झालं होतं.

या सगळ्यात माझी लेक माझ्या सोबत होती. शाळा-कॉलेजं बंद, त्यामुळे लोकांची नावं फोनवर भरायचं काम तिचंच. मी बोलायची, ती अंगठ्यानं टाईप करायची. माझं भाषण तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं होतं. आणि आता तिची पाळी आली तेव्हा मीच तिचं नाव गाळलं होतं.

का गाळलं, हे मला नीट सांगता येत नाही. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली ही एकुलती एक. लहानपणापासून तिला साधा कानही कधी दुखला नाही. पोलिसात जायचं म्हणून ती रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पळायची, आणि परत आली की तिचा चेहरा असा लाल असायचा की वाटायचं, या अंगाला कोणी हातसुद्धा लावू नये. म्हाताऱ्यांचं वेगळं होतं. दुसऱ्या लाटेत गावातली माणसं कशी गेली ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, त्यांच्यासाठी मी दहा वेळा खोटं बोलले असते. पण पोरांना तेव्हा सर्दीवर निभावत होतं. मग चांगल्या चाललेल्या पोरीला टोचायचं कशाला, असा एक विचार डोक्यात शिरला आणि त्यानं तिथे चूल मांडली.

त्या चुलीत लाकडं घालायला माझी मोठी जाऊ होती. ती गोंदियाला राहते, घरात हिंदीच बोलते. रोज दुपारी तिचा फोन यायचा.

"छोटी, सोच समझ के करना. तंदुरुस्त लड़की है. वो वीडियो देखा क्या मैंने भेजा वो?"

व्हिडिओत एक माणूस पांढरा कोट घालून हृदयाबद्दल काहीतरी सांगत होता. असे व्हिडिओ गावातल्या लोकांनी मला दाखवले की मी म्हणायची, कोट तर आमच्या गावच्या न्हाव्याकडेही आहे. हा मी तीन वेळा बघितला.

मालकांना हे सगळं कळलं ते यादीमुळेच. सिस्टर त्यांना रस्त्यात भेटली आणि तिनं सहज विचारलं, पोरीचं काय ठरलं. ते घरी आले, पायही न धुता ओसरीवर बसले आणि माझ्याकडे बघून हसायला लागले.

"का जी, काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मी इचार करून राहिलो, तुह्या नणंदेले बोलावून घ्यावं का. पोट्टीच्या मायले वांग्याची भाजी खाऊ घालंल."

त्यांना इतका आनंद झालेला मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. दोन दिवस त्यांनी मला सुखानं जेवू दिलं नाही. मी भात वाढला की म्हणायचे, "एक दिवस अंग दुखंल." मी झाडू घेतला की म्हणायचे, "दुसऱ्या दिवशी कामाले लागसाल." तिसऱ्या दिवशी मी तुरी बडवत होते, तेव्हा ते शेजारी येऊन बसले आणि काठी हातात घेऊन उगाच दोन-चार दाणे इकडेतिकडे ढकलत म्हणाले, "खरं सांगू का? मीही भिऊन राहिलो."

"तुमी तर सुईले भेता."

"तशी भीती नाही. ते माह्या अंगाची होती. हे पोट्टीचं आहे."

मग आम्ही दोघं बराच वेळ तुरी बडवत राहिलो. द्यावी तर काही झालं तर आपणच दिली म्हणायचं. न द्यावी आणि ती आजारी पडली, तर आपणच दिली नाही म्हणायचं. दोन्हीकडे आपणच. शेवटी त्यांनी सुचवलं की डॉक्टर मॅडमला विचारू. मला ते पटलं, पण एक अडचण होती. मॅडम मला चांगल्या ओळखत. मागच्याच महिन्यात त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. त्यांच्यासमोर जाऊन मी कोणत्या तोंडानं म्हणू, की मॅडम, माझ्या पोरीला द्यावी का?

"मग माह्या गुडघ्याचं निमित्त सांगू," मालक म्हणाले. "गुडघा दाखवता दाखवता विचारून टाक."

"तुमचा गुडघा दुखते का?"

"आता दुखवतो."

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. रांगेत मालक इतके लंगडत होते की एका बाईनं उठून त्यांना बाकावर जागा दिली. बाकावर बसल्यावर कोणता गुडघा ठरला होता हे ते विसरले, आणि आत जाताना दुसऱ्या पायानं लंगडले. मॅडम तरुण, याच वर्षी रुजू झालेल्या, कामाला पक्क्या. त्यांनी मालकांना टेबलावर झोपवलं, पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला, इथे दुखतं का, तिथे दुखतं का म्हणून दाबून बघितलं. मालकांनी प्रत्येक ठिकाणी हो म्हटलं. मॅडमनी वजन करायला लावलं, भात कमी करायला सांगितला, आणि म्हणाल्या, "एक इंजेक्शन देऊ का, लवकर आराम पडेल."

मालक टेबलावरून टुणकन उतरले. "नाही जी. आता चांगलं वाटून राहिलं."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पेन खाली ठेवला. "ताई, खरं काय ते सांगा."

मी सांगितलं. यादीचं, नावाचं, व्हिडिओचं, सगळं. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी स्टूल ओढून मला बसायला सांगितलं.

"तुमची पोरगी निरोगी आहे," त्या म्हणाल्या. "तिला कोविड झाला तर बहुतेक साध्या तापासारखा जाईल, हे खरंय. क्वचित एखादं पोर जास्त आजारी पडतं, ते कोण असेल हे आधी सांगता येत नाही. लशीनं बहुतेकांना हात दुखतो, ताप येतो, दोन दिवसांत उतरतो. ते हृदयाचं जे ऐकलं, ते मुख्यतः बाहेरच्या देशांत देतात त्या वेगळ्या प्रकारच्या लशींबद्दल आहे. आपल्याकडे मुलांना मिळते ती ती नाही. पण कधीच कोणाला काहीच होणार नाही, असं लिहून मी कोणत्याच औषधाबद्दल देणार नाही. गोळीबद्दलसुद्धा नाही."

"मग तुमी असत्या तर?"

"माझी बहीण सतराची आहे. तिला मी परवा दिली. पण सक्ती नाही, ताई. विचार करा, आणि तिला विचारा. पोरीला विचारलं का?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पोरीला कोणीच विचारलं नव्हतं.

मालकांना गुडघ्याच्या गोळ्या मिळाल्या. घरी परतताना गोरेगावच्या बाजारात ते म्हणाले, "बाई हुशार आहे. पण पाय लय जोरानं वाकवते."

घरी आलो तर दार आतून लावलेलं. वाजवलं. दार उघडलं आणि समोर माझी लेक उभी. अंगावर माझी कामावरची साडी, कशीबशी गुंडाळलेली, खांद्यावर माझी पिशवी, काखेत माझं रजिस्टर, नाकावर आजेसासऱ्यांचा काच नसलेला चष्मा.

"नमस्कार बाई," ती म्हणाली. "तुमच्या घरी सोळा वर्षांची एक पोट्टी आहे म्हणून समजलं. तिचं नाव यादीत दिसून नाही राहिलं. लपवून ठेवली का?"

सिस्टरचा तिलाही निरोप मिळाला होता, हे माझ्या लक्षात आलं. मला हसू फुटत होतं आणि कान तापत होते.

"आमची पोट्टी गावाले गेली," मालक माझ्या मागून म्हणाले.

"गावाले गेली तर तिचे पाय मले इथी कसे दिसून राहिले?" असं म्हणून तिनं स्वतःच्या पायांकडे बोट दाखवलं. मग रजिस्टर उघडलं आणि माझं भाषण सुरू केलं. माझा आवाज, माझं डोकं हलवणं, मध्येच पदर कमरेला खोचणं, सगळं तिनं उचललं होतं. "एक दिवस अंग दुखंल, दुसऱ्या दिवशी कामाले लागसाल. मी घेतली. माह्या मालकानं घेतली." इथे ती थांबली आणि चष्म्यावरून बापाकडे बघितलं. "घेतली होती ना जी तुमी तवा?"

मालक मोटारसायकलला कुलूप लावलं की नाही ते बघायला गेले.

मी तिला हाताला धरून बाजेवर बसवलं. म्हटलं, "चेष्टा पुरे. तुले काय वाटते ते सांग. घ्यायची का नाही?"

तिनं चष्मा काढला. 

"मले आतापर्यंत कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "सिस्टरनं तुले विचारलं, तू बाबाले विचारलं, मोठीआई रोज फोन करून राहिली. तुमी दोघं मॅडमकडे गेले. माह्या दंडाची गोष्ट आहे, आणि दंडाले माहीत नाही."

"आता विचारून राहिली ना."

"घेईन. माह्या वर्गातल्या सगळ्याच घेऊन राहिल्या. आणि मी पळायले जाते तिथं शेजारच्या मावशीची बुडी सासू रोज भेटते, तिले दमा आहे. पण आई," आणि इथे तिचा आवाज एकदम बारीक झाला, "मले भीती वाटते. सुईची. बाबासारखी. हे तू गावात सांगायचं नाही."

इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. शाळेत लहानपणी जी टोचणी झाली ती सगळी मैत्रिणींसमोर, तिथे ती हसत उभी राहिली होती. मी कबूल केलं, गावात सांगणार नाही. आता हे लिहायला तिनंच परवानगी दिली आहे, पण चष्म्याचं लिहू नको म्हणाली होती. ते गाळायचं राहून गेलं असंल.

शिबिर गावातल्या शाळेत होतं. थंडी चांगली होती, पोरं स्वेटर घालून आली होती आणि बाही वर चढत नाही म्हणून दारातच एकमेकांचे स्वेटर ओढत होती. मी सिस्टरजवळ नावं वाचायला बसले. अर्ध्या तासानं बघते तर मोहवाली म्हातारी काठी टेकत आत आली आणि भिंतीशी बसली.

"आजी, आज लहान पोरांचं आहे," मी म्हटलं. "तुमचे दोन्ही झाले."

"मले माहीत आहे. मी पाहाले आली. तुहीच पोट्टी घेते का नाही ते."

गावात काही लपत नाही. पंधरा दिवस मी कोणाला काही सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. रांगेतली दोन-तीन पोरं माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, आता काही आडवंतिडवं सांगण्यात अर्थ नाही. मी उठून म्हातारीजवळ जाऊन बसले.

"आजी, मी भेली होती," मी म्हटलं. "स्वतःच्या पोरीचं आलं तवा भेली. आणि तुमाले मी तवा खोटं सांगितलं. माह्या मालकानं घेतली नव्हती. पळून गेले होते."

"ते मले माहीत होतं."

"कसं?"

"तो पिशवी घेऊन एस.टी.त चढला तवा मी स्टँडावरच बसली होती. मले म्हणे, आजी, कोणाले सांगू नका."

मी विचारलं, "मंग तुमी घेतली काऊन?"

म्हातारीनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "दोन टोपल्या मोह वेचला ना तू. न बोलता. माह्यासंगं आता कोण येते वेचाले? म्हटलं, इतकी मागं लागली आहे तर जाऊ."

म्हणजे माझ्या भाषणानं काहीच झालं नव्हतं. वर्षभर मी ते वाक्य नीट घोकलं, कुठे आवाज चढवायचा ते ठरवलं, आणि कामाला आले होते ते माझे मोहानं चिकट झालेले हात. मला बरंही वाटलं आणि थोडा अपमानही.

तेवढ्यात सिस्टरनं माझ्या लेकीचं नाव पुकारलं. ती खुर्चीवर बसली. दोन्ही पाय एकमेकांत अडकवलेले, चेहरा दगडासारखा. मालक दारात उभे होते, म्हणजे दाराबाहेर उभे होते आणि फक्त अर्धं डोकं आत होतं. सिस्टरनं सिरींज वर धरली आणि मी, जिनं या गावातल्या शेकडो दंडांकडे मजेत बघितलं, डोळे घट्ट मिटून घेतले. माझ्या मनगटाला म्हातारीची बोटं लागली.

"उघड डोरे," ती म्हणाली. "झालं कवाचं."

लेक दंडावर कापूस धरून उभी होती आणि दाराकडे बघत होती. दारातलं अर्धं डोकं दिसत नव्हतं. मालक बाहेरच्या पायरीवर बसले होते, आणि शाळेचे मास्तर त्यांना पाणी पाजत होते.

सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी तिला ताप आला. अंग दुखायला लागलं. मी वर्षभर लोकांना "काही नाही, उतरंल" म्हणत होते, ती मी दर अर्ध्या तासानं तिचं कपाळ बघत होते. मालकांनी गावरान कोंबडी आणली. जावेचा फोन आला, तो मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत चढला.

इथे मला शंका यायला हवी होती. तिसऱ्या दिवशी तिला वर्गाची वही पूर्ण करायची होती आणि घरातली भांडी तिच्याकडे होती. ती गोधडीत पडून कण्हत होती. मालक पायाशी बसून पाय दाबत होते. कोंबडीचा उरलेला रस्सा गरम करून देऊन झाला होता, आणि तिनं बारीक आवाजात अंडी मागितली होती. मी माझं कामाचं थर्मामीटर दिलं, म्हटलं काखेत ठेव, मी दूध उतरवून येते. परत येऊन बघितलं तर आकडा एकशे सातच्या वर.

 मालक उठले, मोटारसायकलची किल्ली शोधायला लागले. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंडगार. मग बाजेखाली बघितलं. तिथे माझ्या चहाचा कप होता, अर्धा भरलेला, वाफ येत असलेला. थर्मामीटरच्या टोकाला चहाची पत्ती चिकटली होती.

 मी थर्मामीटर पुसलं, डब्यात ठेवलं, आणि मालकांना म्हटलं, "अजी, ताप फार आहे. मॅडमकडे नेऊ. एक इंजेक्शन घेतलं की उतरंल."

गोधडी उडाली. एका मिनिटात लेक मोरीवर बसून भांडी घासत होती. मालक किल्ली हातात घेऊन तसेच उभे होते, आणि त्यांना काय झालं ते समजायला आणखी थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते माझ्यावरच चिडले, की पोरीला एवढी घाबरवायची काय गरज होती.

त्या महिन्यात गावात सगळीकडे सर्दी-खोकला होता. आमच्या घरातही येऊन गेला, आधी मालकांना, मग मला, शेवटी तिला. तपासायला कोणी गेलं नाही. तिला दोन दिवस नाक गळायला झालं आणि ती पुन्हा पळायला लागली. लशीमुळे एवढ्यावर निभावलं की तसंही निभावलं असतं, हे मला कोणी सांगू शकणार नाही, आणि मीही कोणाला सांगत नाही. कोणी विचारलं तर मी आमचं कसं ठरलं तेवढं सांगते. भाषण मी सोडून दिलं. आता घरात गेले की आधी बसते, हाताशी निवडायची भाजी असेल तर निवडते, आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐकते. यानं वेळ फार जातो. सिस्टर त्यावरून बोलतेही.

दुसऱ्या डोसची वेळ आली तेव्हा मालकांनी सकाळीच जाहीर केलं की या वेळी पोरीला ते स्वतः नेणार, आणि आत, अगदी खुर्चीजवळ उभे राहणार. शिबिर या वेळी तिच्या कॉलेजात, गोरेगावला होतं. त्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मोटारसायकल ओल्या फडक्यानं पुसली. मग ओसरीवर बसून ते स्वतःशीच लांब लांब श्वास घेत राहिले. मी त्यांना दोनदा पाणी दिलं.

अकरा वाजता लेक फाटकातून आत आली. सायकल भिंतीला लावली, दंडावरचा कापूस काढून टाकला, आणि विचारलं, भाजी काय आहे.

"कुठी गेली होती?" मालकांनी विचारलं.

"मैत्रिणीसंगं. झालं."

"मले सोडून?"

"तुमी आंघोळ करून राहिले होते. उशीर होत होता."

मालकांनी आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, मग पुसलेल्या मोटारसायकलकडे. मग ते उठले आणि म्हणाले, आता तयार झालोच आहे तर गोरेगावच्या बाजारात जाऊन येतो, आज आठवड्याचा बाजार आहे. मी त्यांना पिशवी दिली आणि अंडी आणायला सांगितली.